आधी अंदाज, मग प्रयोग: मुलांना वैज्ञानिक विचाराची ओळख कशी करून द्यावी

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात, प्रयोगशाळेत आणि रंगमंचावर. नाटकाच्या प्रयोगात पडदा उघडण्याआधीच शेवट ठरलेला असतो. विज्ञानाच्या तासाला शाळेत जे चालतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्थाचं असतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे मथळे वहीत आधीच लिहिलेले असतात. अनेकदा अनुमानाची ओळसुद्धा लिहून तयार असते. मग टेबलाजवळ उभं राहून मुलं ‘यायला हवा तो’ आकडा येईपर्यंत आकडे जुळवत राहतात. वेगळा आकडा आला की मूल दचकतं, तो खोडतं आणि शेजारच्याचा उतरवून घेतं.

विज्ञान त्या खोडलेल्या आकड्यात होतं. तो खोडला जाऊ नये म्हणून काय करता येईल, ते या लेखात पायरीपायरीने मांडलं आहे. साधारण दहा ते पंधरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. शिक्षकाला वर्गात आणि पालकाला घरी, दोघांनाही हे करता येईल. साहित्य अगदी साधं आहे: मेणबत्त्या, काचेचे पेले, पसरट थाळी, दोरा, लोखंडी वॉशर, मोजपट्टी आणि सेकंद मोजता येईल असं घड्याळ. सगळ्या पायऱ्यांना मिळून आठ-दहा तासिका लागतील. घाई करू नका.

या सगळ्यामागे एकच प्रश्न आहे आणि तो मुलांच्या कानांवर सतत पडला पाहिजे: आपण चुकत असू, तर ते आपल्याला कशावरून कळेल?

### सुरुवातीला काय टाळायचं

‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या’ दाखवणारा तक्ता पहिल्या दिवशी भिंतीवर लावू नका. निरीक्षण, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष असे बाण काढलेला तो तक्ता म्हणजे आधी कळस मग पाया. मुलं तो एका दिवसात पाठ करतात आणि विज्ञान या क्रमानेच चालतं, अशी पक्की समजूत करून घेतात. प्रत्यक्षात काम कधी प्रश्नापासून सुरू होतं, कधी एखाद्या बिघडलेल्या उपकरणापासून, तर कधी दुसऱ्याच कशाचा तरी शोध घेताना. खगोलशास्त्रात, भूशास्त्रात तर टेबलावर मांडण्याजोगा प्रयोग बहुधा नसतोच. तारे आणि खडक जसे आहेत तसेच वाचावे लागतात. म्हणून व्याख्या नंतर. आधी मुलांच्या हाताला काम द्या.

### पायरी पहिली: वही बदला

पहिला बदल वहीत करा. प्रत्येक कृतीच्या आधी दोन ओळी लिहून घ्यायच्या: ‘मला वाटतं काय होईल’ आणि ‘मला तसं का वाटतं’. या ओळी पेनाने लिहायच्या, पेन्सिलने नाही. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. त्याच्या खाली नवा लिहायचा आणि मत कशामुळे बदललं तेही लिहायचं.

गुणांबद्दलही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. अंदाज बरोबर आला म्हणून गुण मिळणार नाहीत आणि चुकला म्हणून कापले जाणार नाहीत. गुण ‘का’ या ओळीला. मुलांचा यावर लगेच विश्वास बसत नाही. चुकीच्या उत्तराला शिक्षा असते हे त्यांनी वर्षानुवर्षं अनुभवलेलं असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, अंदाज चुकलेल्या पण कारण नीट दिलेल्या एखाद्या वहीतलं पान (मुलाला विचारून) वर्गासमोर कौतुकाने वाचा. तेव्हा कुठे मुलं मोकळेपणाने लिहू लागतात.

अंदाज आधी लिहून घेण्याचं कारण साधं आहे. लिहिला नाही, तर निकाल पाहिल्यावर प्रत्येकाला ‘मला हेच वाटत होतं’ असं वाटतं, तेही अगदी प्रामाणिकपणे. आपलं मन अशी सारवासारव नकळत करतं. कागदावरची ओळ ती करू देत नाही.

### पायरी दुसरी: दिसलं की वाटलं?

प्रत्येक गटाला एक पेटलेली मेणबत्ती द्या आणि दहा मिनिटांत वीस निरीक्षणं लिहायला सांगा. (लांब केस बांधलेले असावेत, जवळ पाण्याचं भांडं असावं आणि मोठ्या माणसाने तिथून हलू नये.) पहिल्या पाच-सहा ओळी झटपट येतात आणि मग मुलं अडतात. त्यांना अडू द्या. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं. ज्योत वातीला सगळीकडून चिकटलेली नाही, वातीजवळ एक काळपट भाग आहे, ज्योतीचा बुंधा निळसर आहे, वातीचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला आलं आहे आणि तिथे लाल ठिणगीसारखं दिसतं, वितळलेलं मेण पाण्यासारखं पारदर्शक आहे आणि त्यात काजळीचा एक कण गोल फिरतो आहे.

आता फळ्यावर दोन रकाने करा: ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. गटांची वाक्यं वाचून दाखवा आणि कुठलं कुठे जाईल ते वर्गाला ठरवू द्या. ‘मेण वितळलंय’ हे दिसलं. ‘मेण जळतंय’ हे? कुणी पाहिलं? ‘वात जळतेय म्हणून उजेड पडतो’ हे? इथे वाद होतील, होऊ द्या. दोन्ही रकाने उपयोगाचे आहेत हेही सांगा. अनुमानाशिवाय विज्ञान पुढे सरकत नाही. आपण कधी पाहत होतो आणि कधी अनुमान काढत होतो, हे मात्र आपल्याला कळायला हवं.

शाळेच्या भाषेतली एक अडचण इथेच सोडवून टाका. प्रयोगवहीत ‘अनुमान’ हा शेवटचा मथळा असतो, त्यामुळे मुलांना वाटतं की अनुमान सगळ्यात शेवटी येतं. खरं तर ते पहिल्या निरीक्षणातच येऊन बसलेलं असतं. हे दाखवायला मेणबत्ती विझवा. वातीतून पांढरी रेघ वर जाते. ‘काय दिसलं?’ सगळे म्हणतील, ‘धूर.’ आता पेटती काडी वातीला न लावता, वातीच्या थोडी वर, त्या पांढऱ्या रेघेत धरा. ज्योत त्या रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. वर्गात हमखास कुणीतरी ओरडतं, ‘परत करा!’ परत करा. मग विचारा: जळून झाल्यावर उरलेला धूर असा पेट घेईल का? ती पांढरी रेघ मेणाच्या वाफेची असते. वाफ थंड होऊन मेणाचे बारीक कण झालेले असतात आणि तेच पेटतात. ‘धूर’ या एका शब्दात आपण न तपासलेलं अनुमान घालून टाकलं होतं.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली. ती सगळी एका मेणबत्तीभोवती गुंफलेली होती. एका मेणबत्तीत सहा व्याख्यानं मावतात, तर आपली एक तासिका सहज मावेल.

### पायरी तिसरी: पुस्तकी उत्तर तपासा

आता सगळ्यात महत्त्वाची कृती. हिच्यासाठी पूर्ण दोन तासिका ठेवा.

पसरट थाळीत थोडं रंगीत पाणी घ्या, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवा आणि तिच्यावर काचेचा उंच पेला उपडा ठेवा. ज्योत मंदावते, विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. हा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्याचं उत्तरही पाठ असतं: ‘जळताना ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढतं.’ मलाही शाळेत हेच शिकवलं होतं आणि कित्येक वर्षं ते मला पूर्ण पटलेलं होतं. आकडासुद्धा कसा जुळतो!

मुलांना हे उत्तर चूक आहे असं सांगू नका. फक्त आपला प्रश्न विचारा: हे चुकत असेल तर कशावरून कळेल? थोडा वेळ शांतता राहील. मग असं सुचवा: पेला तोच ठेवायचा, पण आत एकाऐवजी तीन मेणबत्त्या पेटवायच्या. आता ऑक्सिजनचं उत्तर बरोबर असेल तर काय व्हायला हवं?

यावर मुलांना नीट विचार करू द्या. पेला तोच, म्हणजे हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. तो लवकर संपेल, पण जास्त संपणार नाही. म्हणजे पाणी तेवढंच चढायला हवं. हा अंदाज पेनाने लिहून घ्या. मग करा.

तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्टपणे जास्त चढतं.

वर्गात जी चुळबुळ होते, ती मला फार मोलाची वाटते. कुणी म्हणतं पेला तिरका होता, कुणी म्हणतं पाणी आधीच जास्त होतं. या शंका रास्त आहेत. पाणी सारखं मोजून घ्या, मेणबत्त्या एकाच उंचीच्या घ्या आणि पुन्हा करा. तेच होतं. आता मुलांना नुसतं बघत राहायला सांगा: पाणी नेमकं केव्हा चढतं? ज्योत जळत असताना फार थोडं, आणि विझल्यावर भराभर. ऑक्सिजन वापरला जात होता तेव्हा पाणी जवळपास गप्प होतं आणि वापर थांबल्यावर धावलं! काही वेळा सुरुवातीला पेल्याच्या कडेखालून बुडबुडेही निसटताना दिसतात.

इथून पुढचं उत्तर मुलं स्वतःच जुळवतात. ज्योतीने पेल्यातली हवा तापते, प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त असल्या की हवा जास्त तापते, म्हणून पाणीही जास्त चढतं. पण थांबा, हेही तपासायला हवं. रिकामा पेला कोमट-गरम पाण्याने आतून-बाहेरून तापवा, पाणी ओतून टाका आणि मेणबत्तीशिवाय लगेच थाळीत उपडा ठेवा. काहीही न जळता पाणी हळूहळू वर येतं.

ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे. पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते. ‘एक पंचमांश’ हा आकडा जुळणं हा योगायोग होता. आकडा जुळला म्हणजे कारण जुळलं असं नाही, हे मुलं या एका थाळीतून जितकं शिकतात तितकं दहा व्याख्यानांतूनही शिकत नाहीत. आणि छापील उत्तरही तपासता येतं, तेही उद्धटपणा न करता, हे त्यांना पहिल्यांदाच उमगतं.

### पायरी चौथी: ‘नाही’ मिळवायला शिका

या पायरीला साहित्य लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातला हा खेळ आहे. फळ्यावर लिहा: २, ४, ६. सांगा, ‘हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी फक्त बसतं की बसत नाही एवढंच सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.’

मुलं सुचवतात: ८, १०, १२. बसतं. २०, २२, २४. बसतं. १००, १०२, १०४. बसतं. कुणीतरी आत्मविश्वासाने हात वर करतं, ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!’ तुम्ही शांतपणे म्हणता, ‘नाही.’

पुन्हा फेरी. आता ५, ७, ९ येतं. बसतं. ‘दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या!’ नाही. वर्ग गोंधळतो. इथे थांबून फळ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, ‘आतापर्यंत माझ्याकडून किती वेळा “बसत नाही” आलं?’ बहुधा एकदाही नाही. प्रत्येकाने आपल्या मनातला नियम खरा ठरेल असेच आकडे सुचवलेले असतात. आता सांगा, ‘तुमचा नियम मोडेल असे आकडे विचारा.’ मग १, २, ५० येतं आणि बसतं! ६, ४, २ येतं आणि बसत नाही. दोन-तीन मिनिटांत नियम सापडतो: फक्त चढता क्रम.

या खेळानंतर वर्गाला एक नवा शब्दप्रयोग मिळतो. पुढे कधीही कुणी आपल्या बाजूचेच पुरावे गोळा करू लागलं की म्हणायचं, ‘हे आठ-दहा-बारा झालं.’ मुलं हे एकमेकांना सांगू लागतात, आणि शिक्षकांनाही. तेव्हा रागावू नका, विचार रुजल्याची ती खूण आहे. पुढच्या फेरीत नियम मनात धरायचं काम मुलांना द्या आणि तुम्ही ओळखायला बसा.

### पायरी पाचवी: एका वेळी एकच बदल

दोऱ्याला वॉशर बांधून लंबक करा. प्रश्न असा: एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत, किती वेगाने होईल हे कशावर अवलंबून आहे? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की किती लांब ओढून सोडलं त्यावर? अंदाज लिहून घ्या. ‘जड लंबक वेगाने झोके घेईल’ असं बहुतेक मुलं लिहितात.

सुरुवातीला मुलं सगळंच एकदम बदलतात: दोरा लांब केला, वॉशरही वाढवले. उत्तर आलं, पण कशामुळे? ही अडचण त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हा नियम ती स्वतः मागतात. ‘चल’ (प्रयोगात बदलू शकणारी गोष्ट) हा शब्द सांगायचा तो आत्ता.

दहा झोक्यांचा वेळ मोजा, प्रत्येक मोजणी तीनदा करा. लांबी टांगलेल्या ठिकाणापासून वजनाच्या मध्यापर्यंत धरायची. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद लागतात, ५० सेंटिमीटरला सुमारे १४.२ आणि १ मीटरला सुमारे २०. वेळ दुप्पट हवा तर लांबी चौपट करावी लागते, हे मुलांना आकड्यांतून दिसू द्या.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो आणि दोन्ही घोळ शिकवायला उत्तम आहेत. पहिला असा: ५० सेंटिमीटरवर बाकी गटांचे आकडे १३.९, १४.१, १४.४ असे येतात आणि एका गटाचा येतो १२.८. हा आकडा ‘चूक’ म्हणून टाकू नका. फरक किती आहे? जवळजवळ १.४ सेकंद, म्हणजे नेमका एक झोका. त्या गटाला पुन्हा मोजायला सांगा आणि सगळे ऐका. लंबक सोडतानाच ते ‘एक’ म्हणतात! सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवं. त्यांनी नऊच झोके मोजले होते. विचित्र आकड्यालाही कारण असतं आणि ते शोधता येतं, हे मुलांना फार आवडतं. उरलेल्या १३.९ ते १४.४ मधला फरक मात्र कुणाची चूक नाही. बोट दाबायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो. मोजमापात आकडे थोडे पुढेमागे होतातच, म्हणून तीनदा मोजायचं आणि ‘साधारण एवढ्या ते एवढ्या’ असं लिहायचं.

दुसरा घोळ जास्त गमतीचा आहे. वजन वाढवताना काही गट वॉशर एकाखाली एक अडकवतात, साखळीसारखे. मग त्यांना ‘वजन वाढवलं की झोका मंदावतो’ असं आढळतं. दुसरे गट वॉशर एकाच गाठीत घट्ट बांधतात आणि त्यांना काहीच फरक दिसत नाही. दोन्ही गट प्रामाणिक आहेत. मग खरं कुणाचं? त्यांना एकमेकांची मांडणी बघायला पाठवा. साखळी केल्यावर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे लांबी नकळत वाढते. २५ सेंटिमीटरच्या लंबकात तो ४ सेंटिमीटर खाली गेला तर दहा झोक्यांचा वेळ १० वरून जवळपास १०.८ सेकंदांवर जातो. एकच गोष्ट बदलली असं वाटत होतं, प्रत्यक्षात दोन बदलल्या होत्या.

मोठ्या मुलांबरोबर एक पाऊल पुढे जा. थोडंच ओढून सोडलं तर किती ओढलं याने फरक पडत नाही. पण ६० अंशांपर्यंत ओढून सोडलं तर झोक्याचा वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ‘फरक पडत नाही’ हा नियम खरा आहे, पण लहान कोनांपुरता. नियम कुठवर लागू आहे, हाही नियमाचाच भाग असतो.

### पायरी सहावी: बंद डबी

लहान डबीत एक-दोन वस्तू (गोटी, पेन्सिलचा तुकडा, चपटा दगड) घालून डबी चिकटपट्टीने बंद करा. उघडायची नाही. हलवून, तिरकी करून, आवाज ऐकून, चुंबक फिरवून आत काय आहे त्याचं चित्र काढायचं. गटागटांत चर्चा करायची, चित्र बदलायचं, आणि शेवटी डबी तरीही उघडायची नाही.

मुलं अक्षरशः विनवण्या करतात. पण अणूच्या आत किंवा पृथ्वीच्या गाभ्यात डोकावून खात्री करून घेण्याची सोय कुणालाच नव्हती. आतून येणारे संकेत वाचून चित्र बांधायचं आणि नवा संकेत आला की दुरुस्त करायचं, एवढंच हातात असतं. शास्त्रज्ञ ज्याला प्रतिमान म्हणतात ते हेच.

### पायरी सातवी: शब्दांची साफसफाई

आता व्याख्या सांगायला हरकत नाही, कारण प्रत्येक शब्दामागे एक अनुभव आहे. मराठीत तीन शब्दांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं.

‘थिअरी’ म्हटलं की मुलांना लेखी पेपर आठवतो, प्रॅक्टिकलच्या उलट. बोलण्यात ‘ही तुझी थिअरी झाली’ म्हणजे नुसता तर्क. याउलट ‘सिद्धांत’ या शब्दात ‘सिद्ध’ आहे, त्यामुळे तो कायमचा शिक्कामोर्तब झालेला वाटतो. विज्ञानातला सिद्धांत या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. अनेक निरीक्षणांचं एकत्र स्पष्टीकरण देणारी, पुन्हा पुन्हा तपासून टिकलेली आणि तरीही दुरुस्तीला खुली असलेली मांडणी, असं मी मुलांना सांगतो. आणि ‘नियम’ हा शब्द पाळायच्या शिस्तीसारखा ऐकू येतो. निसर्गाचा नियम कुणी घालून दिलेला नसतो, आपल्याला सापडलेल्या नेमाचं ते वर्णन असतं. सिद्धांत मोठा झाला की त्याचा नियम होतो, ही समजूतही इथेच मोडा. लंबकाचा वेळ लांबीबरोबर कसा बदलतो हा नियम आणि तो तसा का बदलतो हे सांगतो तो सिद्धांत. दोघांचं काम वेगळं आहे.

‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’ असं वर्गात म्हणण्याऐवजी ‘आतापर्यंतचे पुरावे असं सांगतात’ असं म्हणायची सवय लावा. त्यातही फरक करायला शिकवा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचे पुरावे इतके आणि इतक्या बाजूंनी आलेले आहेत की ते उद्या उलटेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. काल छापून आलेल्या एका अभ्यासाची गोष्ट निराळी. ‘विज्ञान बदलतं’ म्हणजे ‘सगळंच सारखं डळमळीत आहे’ असं नाही.

### पायरी आठवी: चुकण्याच्या गोष्टी सांगा

शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी विजयच सांगतो. मी एक जोडगोष्ट सुचवतो, कारण तिच्यात तोच माणूस तोच विचार दोनदा करतो.

युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या जागी नेमका सापडत नव्हता. फ्रेंच गणितज्ञ अर्बेन ल व्हेरिए यांनी विचार केला, पलीकडे दुसरा ग्रह असेल आणि तो युरेनसला ओढत असेल. तो कुठे असायला हवा हे त्यांनी गणिताने काढलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह सापडला: नेपच्यून.

पुढे बुधाच्या कक्षेतही असाच फरक आढळला. फरक फार बारीक होता: एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले सुमारे ४३ भाग, तेही शंभर वर्षांत. ल व्हेरिए यांनी तोच मार्ग धरला: सूर्याजवळ आणखी एखादा ग्रह असणार. त्याला नावही मिळालं, व्हल्कन. काहींनी तो पाहिल्याचे दावेही केले. पण व्हल्कन नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा तो फरक नव्या ग्रहाशिवाय सुटला.

गोष्ट अर्ध्यावर, नेपच्यून सापडल्यावर थांबवा आणि मुलांना बुधाचं कोडं सोडवायला द्या. सगळे म्हणतील, ‘आणखी एक ग्रह!’ ते उत्तर शहाणपणाचंच आहे. मग पुढचा भाग सांगा आणि विचारा, व्हल्कन नाही हे लोकांना कशावरून कळलं असेल? न सापडणं म्हणजे नसणं का?

याबरोबर सी. व्ही. रामन यांची गोष्ट छान बसते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं. १९२१ साली बोटीने प्रवास करताना रामन यांनी जवळच्या एका लहान निकोल प्रिझमने (प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकाने) पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला आणि पाण्याकडे पाहिलं. निळाई तशीच होती. मोठ्या नावापुढे त्यांनी ठेवलं ते एक साधं निरीक्षण, जे कुणालाही पुन्हा करून बघता येईल.

तिसरी गोष्ट अलीकडची. २०११ साली ‘ऑपेरा’ या प्रयोगातल्या गटाला न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आधी पोहोचल्याचं दिसलं. त्यांनी आकडा लपवला नाही की प्रकाश हरल्याची दवंडीही पिटली नाही. आमची चूक शोधायला मदत करा, असं सगळ्यांना सांगितलं. २०१२ मध्ये नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची केबल सापडली. सोडताना ‘एक’ म्हणणाऱ्या आपल्या गटाची आठवण मुलांना इथे आपोआप होते.

### पायरी नववी: वर्गाबाहेरचे दावे

व्हॉट्सॲपवर आलेला एखादा आरोग्याचा संदेश किंवा एखादी जाहिरात वर्गात आणा. मुलांनी आधी विचारायचं: दावा नेमका काय आहे? कशाशी तुलना केली? १७४७ साली जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही हा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. बाकीच्या पाच जोड्या नसत्या तर त्या सुधारण्याला अर्थ नव्हता. ‘माझ्या काकांना गुण आला’ यात दुसरी जोडी कुठे आहे, हे मुलं आता विचारू शकतात.

एक काळजी घ्या. या टप्प्यावर काही मुलं प्रत्येक गोष्टीला ‘खोटं आहे’ म्हणू लागतात. न तपासता नाकारणं हे न तपासता मान्य करण्यासारखंच आहे, हे त्यांना प्रेमाने पण ठामपणे सांगा. घरच्या माणसांना खोडून काढायचं हत्यार म्हणून हे वापरू नका, असंही सांगा. आणि काही प्रश्न विज्ञानाच्या कक्षेतले नाहीत. चित्र सुंदर आहे का, मैत्रिणीला माफ करावं का, यांना लंबकाचं माप लागत नाही.

### पायरी दहावी: आपलं वागणं आणि परीक्षा

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, मगच बोला. शांतता आपल्यालाच जास्त बोचते. मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी चेहरा तसाच ठेवून ‘कशावरून?’ विचारा, नाहीतर ‘कशावरून’ म्हणजे ‘चूक’ हे मुलं पटकन हेरतात. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, कसं शोधू या?’ असं म्हणा आणि पुढच्या तासाला खरोखर शोधून या.

परीक्षेत ‘वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहा’ हा प्रश्न नको. त्याऐवजी दोन गटांचे न जुळणारे आकडे द्या आणि फरकाची दोन संभाव्य कारणं व ती तपासायची रीत विचारा. किंवा एक दावा द्या आणि विचारा, कोणतं निरीक्षण दिसलं तर तुम्ही हा दावा सोडून द्याल?

पहिल्या दिवशी मुलांकडून एक कागद भरून घेतलेला असू द्या: ‘विज्ञान म्हणजे काय आणि शास्त्रज्ञाला आपलं बरोबर आहे हे कसं कळतं?’ तो वाचा, पण त्यावर काही लिहू नका, जपून ठेवा. वर्षाच्या शेवटी ज्याचा त्याला परत द्या आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने त्यावर लिहायला सांगा. कुणीतरी जुनी ओळ खोडायला जाईलच. त्याला म्हणा, ती राहू दे, खाली लिही.